यात्रेतलं शौचालय पहाटे तपासा

यात्रा जवळ आली की पेपरात तयारीची बातमी येते. इतके टँकर, इतकी फिरती शौचालयं, इतके पोलीस, इतके सफाई कामगार. शेजारी फोटो: पांढऱ्या-निळ्या पत्र्याच्या केबिनांची सरळ रांग, पुढे हार घातलेले पदाधिकारी. फोटो आदल्या दिवशी दुपारचा असतो, तेव्हा त्यात खोटं काहीच नसतं. फक्त यात्रेतल्या शौचालयाची परीक्षा दुपारी होत नाही. ती पहाटे चार ते सात या वेळात होते, आणि त्या वेळी तिथे ना कॅमेरा असतो ना पदाधिकारी.

मलकापूर-कराडच्या माणसाला यात्रेसाठी फार लांब जावं लागत नाही. पौषात तारळीकाठी पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, त्याच महिन्याच्या पौर्णिमेला मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा भरते. चैत्रात जोतिबाला निघालेल्या गाड्या आमच्या दारावरूनच, हायवेने जातात. सांगलीकडे वळलं तर औदुंबरचे दत्त, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी, कडेगावचे उंच ताबूत, मिरजेच्या मिरासाहेबांचा उरूस. देव वेगळा, गर्दीचा स्वभाव वेगळा, पण पहाटेची अडचण सगळीकडे एकच. म्हणून हा लेख यात्रा कमिटीतल्या मंडळींसाठी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी आणि घरातल्या बायका-पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांसाठी.

कराडजवळच्या आमच्या मलकापूरला चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेमुळे ओळख मिळाली. त्या योजनेतली शिकण्यासारखी गोष्ट नळ नव्हे, मीटर आहे. पाणी कुठे किती जातं हे मोजायची सवय लागली, म्हणून ते पुरलं. यात्रेच्या शौचालयांना नेमकी हीच सवय लावायची आहे.

आधी हिशेब

एक माणूस आत जातो, मगात पाणी घेतो, उरकतो, पाणी टाकतो, बाहेर येतो. पाच मिनिटं धरा. म्हणजे एका सीटवर तासाला बारा माणसं. पहाटेच्या तीन तासांत छत्तीस. मध्ये पाणी संपलं नाही, कडी अडकली नाही, सीट तुंबली नाही, तर छत्तीस. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयासाठी 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक सीट असं प्रमाण दिलं आहे. ते वस्तीसाठी असलं तरी मुक्कामाच्या यात्रेला बरोबर लागू पडतं, हे या साध्या गुणाकारावरून दिसतं.

समजा, तुमच्या यात्रेत दहा हजार माणूस रात्री मुक्कामाला आहे, निम्म्या बायका, निम्मे पुरुष. पुरुषांसाठी साधारण 143 सीट आणि बायकांसाठी 200. पाणी माणशी पाच लिटर धरलं, तर तीन तासांत पन्नास हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, आणि ते पहाटे चारच्या आधी जागेवर उभे हवेत. सकाळी नऊला आलेला टँकर कागदावर मोजला जातो, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

इतक्या सीट परवडत नाहीत, हे मलाही कळतं. मग निदान मुक्कामी माणूस आणि दिवसाचा भाविक यांचे आकडे तरी वेगळे काढा. नारळ फोडून चार तासांत परतणाऱ्याला मुतारी आणि थोड्या सीट पुरतात, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलेलं आणि राहुटी ठोकून राहिलेलं कुटुंब पूर्ण सोयीवर अवलंबून असतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. शौचालयं मंदिराजवळ, पार्किंगजवळ, मान्यवरांच्या वाटेवर. मुक्कामाचा तळ मात्र ओढ्यापलीकडे अंधारात. आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी 'स्फिअर' नावाचं एक हस्तपुस्तक आहे. त्यात शौचालय मुक्कामाच्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत असावं असं म्हटलं आहे. पन्नास मीटर म्हणजे म्हातारी आजी काठी टेकत, पोटात कळ असताना जाऊ शकेल इतकं अंतर. त्यापुढे गेलात की ती जवळचा बांध गाठते. तिला नावं ठेवू नका.

कडी, खुंटी, दिवा

दर्जा म्हटलं की लोक फरशी आणि फ्लशबद्दल बोलतात. पहाटे साडेपाचला बाईला आत काय लागतं ते बघा. दाराला आतून लागणारी कडी. पदर, पिशवी, पर्स अडकवायला डोक्याच्या उंचीवर एक खुंटी, नाहीतर ते सगळं दातात आणि काखेत धरून बसावं लागतं. आत दिवा, आणि तो असा लावलेला की सावली पत्र्यावर बाहेर दिसू नये. साखळीने बांधलेला मग आणि भरलेली बादली. कोपऱ्यात झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, पॅड गुंडाळून टाकायला. यातलं काहीही महाग नाही. ठेकेदाराच्या करारात हे लिहिलेलं नसतं, एवढंच. केबिन ताब्यात घेताना एकेक दार उघडून-लावून बघितलं, तर अर्धं काम होतं. रांगेतलं शेवटचं दारही उघडा, मोडकी कडी बहुधा तिथेच असते.

बायकांच्या सीट पुरुषांपेक्षा जास्त हव्यात, बरोबरीच्या नव्हे. स्फिअरने स्त्री-पुरुष प्रमाण तीनास एक असं सुचवलं आहे. लुगडं-साडी, सोबत लहान मूल, पाळी, आणि मुतारीचा पर्याय नाही. वेळ जास्त लागणारच. वारीच्या वाटेवर हा विचार आता थोडा रुजतोय. राज्य महिला आयोगाने 2022 पासून 'आरोग्य वारी' सुरू केली. महिलांसाठी शौचालयं, सॅनिटरी पॅड आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष अशी तिची रचना आहे. तालुक्याच्या यात्रेला एवढा पसारा झेपला नाही, तरी एक ताडपत्रीची खोली, एक बाकडं आणि दारावर एक स्वयंसेविका बसवता येते.

सोय नसली की बायका काय करतात, ते प्रत्येक घराला माहीत आहे. आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. दिवसभर उन्हात रांग, घशाला कोरड, लघवी दाबून धरलेली. घरी आल्यावर लघवीला जळजळ आणि ताप. याची नोंद कुठल्याही यात्रेच्या अहवालात होत नाही.

आजार घरी येऊन उघडतो

पटकी (कॉलरा) काही तासांत ते पाच दिवसांत उभी राहते. टायफॉईडला आठवडा ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ दिसायला पंधरा दिवस ते दीड-दोन महिने जातात. म्हणजे यात्रेतल्या घाणीचा आजार यात्रेच्या गावात दिसतच नाही. तो मलकापूरच्या, विट्याच्या, इस्लामपूरच्या दवाखान्यात महिन्याभराने दिसतो, आणि तोवर खापर घरच्या माठावर किंवा कोपऱ्यावरच्या वडापाववर फुटलेलं असतं. म्हणून एक करा. यात्रेनंतर दोन महिन्यांत घरात कुणाला जुलाब, ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब असतील तर उद्यावर ढकलू नका. जलसंजीवनी (ओआरएस) ताबडतोब सुरू करा आणि 108 ला फोन करा.

हा धोका नवा नाही. 1867 च्या हरिद्वार कुंभमेळ्यात पटकी उसळली आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर भारतभर पसरली. तेव्हा तिचा जंतू माहीत नव्हता. रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात तो ओळखला. आज सगळं माहीत आहे, त्यामुळे सबब उरत नाही.

पाण्याच्या बाबतीत गावपातळीवर माहीत असलेलं सूत्र पाळा. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, मग अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगाने दाखवणारी चाचणी, करा. रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे. टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं, दमट जागी ठेवलं की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसती चुनखडी उरते. टेस्ट टँकर भरताना नको, ज्या नळाखाली माणूस ओंजळ धरतो तिथे करा.

हात धुण्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. शौचालयाच्या रांगेबाहेर साबणाची वडी ठेवली की तासाभरात गायब होते. म्हणून वडी ठेवूच नका. दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीत मूठभर धुण्याची पावडर घाला, हलवा, झाकणाला खिळ्याने भोक पाडा आणि बाटली सुतळीने नळाला उलटी बांधा. दाबलं की साबणपाणी येतं, चोरून न्यावं असं त्यात काही नाही. पालसारख्या खंडोबाच्या ठिकाणी तर आणखी एक गंमत आहे. सगळ्यांचे हात भंडाऱ्याने पिवळे असतात आणि हळदीला साबण लागला की ती लालसर होते. प्रसादाच्या पंगतीआधी हात धुवायला लावणाऱ्या स्वयंसेवकाला कुणी नुसतं पाणी लावलं आणि कुणी खरंच साबण लावला, ते लांबूनच कळतं.

मैला जातो कुठे?

यात्रेच्या नियोजनात हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारलं की बैठक गप्प होते.

दहा सीटच्या फिरत्या शौचालयाचा हिशेब करा. एका सीटवर पहाटे छत्तीस माणसं, माणशी पाच लिटर, म्हणजे अठराशे लिटर. एका पहाटेत. ठेकेदाराला टाकी किती लिटरची आहे ते विचारा आणि भागाकार करा. बऱ्याचदा टाकी पहिल्याच सकाळी भरते. मग मैला उपसणारी सक्शन गाडी आली पाहिजे, गर्दीतून तिला वाट पाहिजे, आणि ती कुठे जाऊन रिकामी होणार हे आधी लिहिलेलं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल, तर अंधारात ओढ्यावर व्हॉल्व्ह उघडला जातो. पालची तारळी उंब्रजजवळ कृष्णेला मिळते, कृष्णा कराडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते आणि तशीच सांगलीला जाते. वरच्याने सोडलेलं खालच्याच्या पाणी उपसायच्या जॅकवेलमध्ये येतं.

सातारा जिल्ह्यातच याचं उत्तर आहे. वाई शहरात 2018 पासून घराघरातल्या सेप्टिक टाक्या तुंबायची वाट न बघता, ठरलेल्या पाळीने, दर तीन वर्षांनी उपसल्या जातात आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. मांढरदेवी वाई तालुक्यातच येते. यात्रेच्या आठवड्यापुरती अशा केंद्राशी वेळ ठरवून घेणं, गाडीच्या फेऱ्यांची वही ठेवणं आणि प्रत्येक फेरीची केंद्रावर सही घेणं, हे एका ग्रामसेवकाला जमण्यासारखं काम आहे. जवळपास मलनिस्सारण प्रकल्प असलेली नगरपालिका असेल तर तिच्याशी बोला.

गाड्या मिळाल्या नाहीत तर चर खणून केलेली तात्पुरती शौचालयंही चालतात. पूर्वी तीच असत. पण विहीर किंवा बोअरपासून तीस मीटर दूर, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. दर वापरानंतर माती किंवा राख. नदीच्या पात्रात, वाळूत खड्डे मुळीच खणू नका. खणायला सोपं जातं म्हणूनच मोह होतो. आणि यात्रा संपल्यावर चर बुजवून, वर खूण लावूनच जागा सोडा.

जागा निवडताना उताराचाही विचार हवा. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांचा उल्लेख त्या दुर्घटनेच्या वर्णनांत वारंवार येतो. शौचालयाचं, हात धुण्याचं सांडपाणी वाटेवर येत असेल तर ते दुर्गंधीपेक्षा मोठं संकट आहे. दर्शनाची रांग आणि शौचालयाची रांग एकमेकींना कुठेही छेदता कामा नये.

झाडू कुणाच्या हातात

आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात होणारी घाण आणि ती हाताने उचलावी लागणारी माणसं, हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने 2014-15 मध्ये शासनाला शौचालयांबाबत आणि वाळवंटाच्या वापराबाबत आदेश दिले. पुढे मुक्कामासाठी 65 एकरचा तळ वापरात आला, फिरती शौचालयं वाढली. हाताने मैला उचलायला लावणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत माणूस उतरवणं तर प्राणाशी खेळ आहे; आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. असा प्रकार दिसला तर 14420 या क्रमांकावर कळवा, यंत्राने उपसा करून मिळण्यासाठीही हाच क्रमांक आहे.

माझ्या मते दहा सीटमागे एक कामगार पहाटेच्या पाळीला हवाच. एकच माणूस रात्रभर आणि पुन्हा सकाळी, असं नको. त्याला गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, अंघोळीला गरम पाणी आणि कमिटीच्या पंगतीत ताट. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली. गाडगेबाबा यात्रेला जायचे ते देवळात न जाता झाडू घेऊन वाटा झाडायला. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या गावांत यात्रेच्या सफाई कामगाराला जेवण पत्रावळीवर, तेही लांब दिलं जातं. हे बंद झालं पाहिजे.

स्वच्छ करायची पद्धतही सांगून ठेवा. आधी पाणी आणि ब्रशने घाण काढायची, मग ब्लीचिंग. घाणीवर टाकलेली पावडर वाया जाते. फरशीसाठी लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम ताजी पावडर पुरते. आणि एक धोक्याची सूचना कामगारांना समोर बसवून द्या: टॉयलेट धुण्याचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद केबिनमध्ये तो छातीत बसतो. 'दोन्ही टाकलं की लख्ख निघतं' असं सांगणारा मुकादम सगळीकडे भेटतो.

रस्त्याच्या दोन्ही कडांना मारतात त्या पांढऱ्या रेघेचंही सांगतो. पाहुण्यांची गाडी येणार म्हटलं की पावडरची रेघ पडते. तिने एक जंतू मरत नाही, एक माशी कमी होत नाही. तीच पावडर मोजून टाकीत घाला.

घरून निघताना

कुटुंबाने स्वतःपुरतं थोडं करावं. पिशवीत साबणाचा कागद किंवा छोटी वडी, बॅटरी, प्लास्टिकचा मग, जुनं वर्तमानपत्र, दोन जास्तीचे पॅड आणि जलसंजीवनीची पाकिटं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते. गाडीने जात असाल तर न्या, लाजू नका. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज आहे. डायपर ओढ्यात किंवा सीटमध्ये न टाकता डब्यात टाका. एक डायपर अख्खी सीट सकाळभर बंद पाडतो. हँड सॅनिटायझर खिशात असू द्या, पण हाताला दिसेल अशी घाण असताना त्याचा उपयोग होत नाही, तिथे साबण-पाणीच. आणि पाणी प्यायचं थांबवू नका.

घाण सीट दिसली की नाक मुरडून पुढच्या दाराकडे जाण्याऐवजी केबिनचा नंबर लक्षात ठेवा. त्यासाठी कमिटीने प्रत्येक केबिनवर रंगाने मोठा नंबर आणि एक मोबाईल क्रमांक लिहिलेला हवा. 'तिकडे घाण आहे' या तक्रारीवर कुणी हलत नाही. '27 नंबर तुंबलाय' म्हटलं की माणूस पाठवावा लागतो.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. तिथल्या तयारीवर कोट्यवधींची चर्चा होईल, व्हायलाही हवी. पण आपल्या तालुक्याच्या यात्रेचा निर्णय महिना-पंधरा दिवस आधी प्रांत किंवा तहसीलदारांच्या नियोजन बैठकीत होतो, आणि त्या बैठकीत गावातल्या बायका सहसा नसतात. या वेळी पाच-सहा जणींनी जावं. किती सीट, हे विचारत बसू नये. टँकर पहाटे किती वाजता लागणार, टाकी किती लिटरची, मैला कुठे जाणार आणि पहाटे पाचला पाहणीला कोण येणार, एवढंच विचारावं आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पाहणीला कुणी तयार झालं नाही तर ते काम स्वतःकडे घ्यावं.